दोन पाकिटं, एक दावा: ट्रेडमार्कचं उल्लंघन कोर्टात कसं ठरतं

‘बघा, सरळसरळ कॉपी मारलीय,’ असं म्हणत कोणी मसाल्याची दोन पाकिटं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, की आम्ही वकील त्यातलं एक उचलून कपाटात ठेवतो. कायदा ही पाकिटं अशी कधीच बघत नाही. दुकानात गिऱ्हाइकाच्या हातात एका वेळी एकच पाकीट असतं. दुसरं त्याच्या डोक्यात असतं, तेही अर्धंमुर्धं: पिवळा रंग, लाल पट्टा, नावाचा एखादा आवाज. उल्लंघनाचा सगळा वाद हातातलं पाकीट आणि आठवणीतलं पाकीट यांच्यातला असतो.

पुढचं लिखाण पुणे जिल्ह्यातल्या एका घरगुती मसाला उत्पादकाच्या दाव्याच्या क्रमाने जातं, पहिल्या पाकिटापासून तडजोडीच्या पुरसिसपर्यंत, म्हणजे कोर्टात दिलेल्या लेखी निवेदनापर्यंत. दोन्ही बाजूंची नावं इथे नाहीत. त्यांच्यावाचून काही अडत नाही. पक्षकाराचं पाकीट शंभर ग्रॅमचं, पिवळं, वरच्या बाजूला लाल पट्टा, पट्ट्यात तीन अक्षरी नाव, खाली पितळी खलबत्ता. मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात सापडलेलं दुसरं पाकीट किंचित गडद पिवळं, पट्टा केशरी, खलबत्त्याच्या जागी पाटा-वरवंटा. नाव तेच, फक्त मधल्या अक्षराच्या कान्याची वेलांटी झालेली आणि डोक्यावर बारीक अक्षरात ‘न्यू’.

पहिलं काम पाकिटं बघण्याचं नाही, नोंदणीचं प्रमाणपत्र वाचण्याचं. बहुतेकांनी ते फ्रेम करून दुकानात लावलेलं असतं, वाचलेलं नसतं. त्यावर पाच गोष्टी बघायच्या: नोंदणी शब्दाची आहे की लेबलची, कोणत्या वर्गात (नोंदणीसाठी मालाचे क्रमांकवार वर्ग पाडलेले असतात) आणि नेमक्या कोणत्या मालासाठी, वापर कधीपासून दाखवला आहे, काही अट घातली आहे का, आणि नूतनीकरण झालं आहे का. नोंदणी दहा वर्षांची असते आणि ती अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, प्रमाणपत्र हातात पडल्याच्या तारखेपासून नाही.

या प्रकरणात नोंदणी लेबलची होती, वर्ग ३०, माल ‘मसाले’, काळ्या-पांढऱ्या चित्रात. काळं-पांढरं बघून पक्षकाराचा चेहरा पडला, पण ते चांगलंच होतं. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम १० प्रमाणे रंगाची मर्यादा न घालता केलेली नोंदणी सर्व रंगांसाठी धरली जाते. रंगीत लेबल नोंदवलं असतं, तर ‘आमचा पट्टा केशरी, त्यांचा लाल’ हा बचाव समोरच्याला आयता मिळाला असता. अडचण वेगळीच निघाली. लेबलवर ‘गोडा मसाला’ हे शब्दही होते आणि कलम १७ सांगतं की हक्क संपूर्ण चिन्हावर मिळतो. त्यातला जो भाग धंद्यात सगळेच वापरतात त्यावर वेगळी मालकी मिळत नाही. म्हणजे ‘गोडा मसाला’ हे शब्द, खलबत्ता, पिवळा रंग यांतलं एकटं एकटं काहीच हातात नव्हतं. हातात होतं ते तीन अक्षरी नाव आणि त्या सगळ्याची एकत्र मांडणी. शब्दाची स्वतंत्र नोंदणी केली असती तर हा दावा निम्म्या कागदात झाला असता. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगासाठी एका वर्गाला ४,५०० रुपये लागतात. तेवढे वाचवण्यासाठी एकच लेबल नोंदवून थांबणारे उत्पादक आम्हाला नेहमी भेटतात, आणि दर वेळी वाईट वाटतं.

दुसरा खड्डा वापराच्या तारखेचा. पक्षकाराचा माल १९९८ पासून बाजारात होता, पण अर्जात कोणीतरी ‘वापर प्रस्तावित’, म्हणजे वापर अजून सुरू व्हायचाय, असं लिहून टाकलेलं. नोंदणी झाली, कोणाला काही खटकलं नाही. दाव्यात मात्र ‘आम्ही १९९८ पासून वापरतो’ असं म्हटलं की समोरचे वकील तोच अर्ज काढून दाखवतात. मग जुनी बिलं, विक्रीकराची विवरणपत्रं, सनदी लेखापालाने दिलेला सालवार उलाढालीचा दाखला, दिवाळी अंकातली जाहिरात असा पुरावा एकेक करून उभा करावा लागतो. आम्ही तो केला, पण तीन आठवडे त्यातच गेले.

आणि तिसरी जागा, जिच्याकडे फार कमी लोक बघतात: नोंदणीच्या वेळी परीक्षकाच्या हरकतीला दिलेलं उत्तर. परीक्षक आधीच्या सारख्या चिन्हांची यादी पाठवतो आणि अर्जदार उत्तर देतो की ‘चिन्ह संपूर्ण बघावं, आमचं वेगळं आहे, गिऱ्हाईक फसणार नाही.’ ते उत्तर नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कायम राहतं. उद्या तुम्हीच दुसऱ्याला म्हणालात की एका अक्षराच्या फरकाने गिऱ्हाईक फसतं, तर तुमचंच वाक्य तुमच्यापुढे ठेवलं जातं. दावा लिहायला घेण्याआधी ही फाइल पूर्ण वाचावी आणि त्यातलं काहीही कोर्टापासून लपवू नये. लपवलेला एक कागद सापडला, की चांगला दावाही तात्पुरत्या मनाईच्या टप्प्यावरच कोसळतो.

आता मूळ प्रश्न: उल्लंघन म्हणजे काय? ते कलम २९ मध्ये आहे. कलम लांबलचक आहे, पण त्याचा गाभा असा: चिन्ह नोंदलेलं हवं, समोरच्याला परवानगी नसावी, त्याने ते धंद्याच्या ओघात वापरलेलं असावं, वापर मालाची ओळख म्हणून असावा, आणि त्याचं चिन्ह तेच किंवा फसवं वाटावं इतकं सारखं असून माल तोच किंवा मिळताजुळता असावा, ज्यामुळे लोकांचा गोंधळ होईल किंवा दोघांचा काही संबंध आहे असं वाटेल. चिन्ह तंतोतंत तेच आणि मालही तोच असेल, तर गोंधळ होईल हे कोर्टाने गृहीत धरायचं असतं. तो सिद्ध करण्याचं ओझं राहत नाही. बाकी सर्व प्रकारांत गोंधळाची शक्यता दाखवावी लागते. शक्यता पुरते. खरोखर फसलेलं गिऱ्हाईक कोर्टात उभं करण्याची गरज नाही, मिळालं तर उत्तमच.

‘वापर’ या शब्दाचा पसारा लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. मालावर किंवा पाकिटावर चिन्ह लावणं, तो माल विकायला ठेवणं, विक्रीसाठी साठवणं, त्या चिन्हाखाली आयात किंवा निर्यात करणं, बिलावर किंवा जाहिरातीत छापणं हे सगळं त्यात येतं. कंपनीच्या नावात दुसऱ्याचा नोंदलेला शब्द घालून तोच माल विकणं हेही येतं. चिन्ह शब्दांचं असेल तर ते नुसतं तोंडाने उच्चारणंसुद्धा वापर ठरू शकतं. म्हणूनच मराठी नाव देवनागरीतून रोमन लिपीत नेलं म्हणजे सुटलो, हा समज खोटा आहे. डोळ्यांना फरक दिसला तरी कानांना तेच ऐकू येतं, आणि किराणा दुकानात अर्धा माल अजून मागून घेतला जातो.

सारखेपणा कसा बघतात हे शिकायचं असेल तर बिस्किटाच्या एका वेष्टनाकडे बघावं. विलेपार्ले या गावावरून नाव घेतलेल्या पार्ले कंपनीने म्हैसूरच्या एका बिस्किट उत्पादकावर दावा लावला होता. खालच्या कोर्टाने आणि हायकोर्टाने दोन वेष्टनांतले फरक मोजले आणि दावा फेटाळला. सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये तो निकाल फिरवला. कोर्टाने बघितलं ते असं: दोन्ही वेष्टनांचा आकार जवळपास सारखा, रंगसंगती जवळपास सारखी, दोन्हींवर एक हात वर केलेली आणि दुसऱ्या हातात काहीतरी घेतलेली मुलगी, जवळ गाय किंवा गाई, पुढे कोंबड्या, मागे कुंपण असलेलं शेतघर, आणि वर ठळक अक्षरात एकावर ‘ग्लुको बिस्किट्स’ तर दुसऱ्यावर ‘ग्लुकोज बिस्किट्स’. शेजारी ठेवून फरक शोधायचे नाहीत, ठळक गोष्टी कोणत्या ते बघायचं, आणि एकाची सवय असलेल्या माणसाला दुसरं दिलं तर तो घेईल का हे विचारायचं. आम्ही आमच्या प्रकरणात हीच पद्धत कागदावर उतरवली. फरकांची यादी समोरचे करणारच होते. आम्ही फक्त वरून खाली डोळा कसा फिरतो ते लिहिलं: पिवळी जमीन, वर आडवा तांबूस पट्टा, पट्ट्यात पांढरं तीन अक्षरी नाव, मध्यभागी वाटण्याचं जुनं साधन. खलबत्ता आणि पाटा-वरवंटा वेगळे आहेत हे खरं. पण दोन दिवसांनी ‘वाटण्याचं काहीतरी होतं’ एवढंच आठवतं.

नावाबद्दल ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ हा १९६२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आजही उपयोगी पडतो. तो वाद नोंदणीचा होता. अमृताची धारा आणि लक्ष्मणाची धारा असा अर्थ उलगडला तर दोन्ही नावं वेगळी आहेत. पण बेताच्या बुद्धीचा, बेताच्या आठवणीचा माणूस शब्दाची फोड करत बसत नाही, तो अख्खा आवाज लक्षात ठेवतो, असं कोर्टाने धरलं आणि नावं सारखी ठरवली. तरीही लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. कारण ते नाव प्रामाणिकपणे बरीच वर्षं वापरात होतं आणि अमृतधारावाले माहीत असून गप्प राहिले होते. निकालाचा पहिला भाग सगळे वकील वाचून दाखवतात. दुसरा भाग पक्षकारांनी वाचायला हवा.

‘न्यू’, ‘श्री’, ‘ओरिजिनल’, ‘१ नंबर’ अशी शेपटं लावून नाव वेगळं होत नाही. रस्टन इंजिनांच्या प्रकरणात समोरचा ‘रुस्तम इंडिया’ या नावाने इंजिनं विकत होता. १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ‘इंडिया’ जोडल्याने काही बदलत नाही असं सांगितलं. औषधं असतील तर कसोटी आणखी कडक, कारण चुकीची गोळी पोटात गेली तर माणूस दगावतो; कॅडिला या औषध कंपनीच्या २००१ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात हे तपशीलवार आहे.

इथे उल्लंघन आणि पासिंग ऑफ यांतला फरक समजून घेणं फार गरजेचं आहे, कारण दावा लिहिताना दोन्हींचा पाया वेगळा पडतो. नोंदणी असेल तर उल्लंघन. नोंदणी नसेल, पण नावलौकिक असेल आणि समोरचा आपला माल तुमचा म्हणून खपवत असेल, तर पासिंग ऑफ. सुप्रीम कोर्टाने १९६४ च्या नवरत्न प्रकरणात ही रेघ ओढून दिली आहे: उल्लंघनात चिन्हाचा गाभा उचलला असेल, तर पाकिटावरचे बाकीचे फरक, वेगळा पत्ता, वेगळी किंमत यांनी बचाव होत नाही. पासिंग ऑफमध्ये मात्र माल वेगळा ओळखू येण्याइतके फरक दाखवले तर समोरचा सुटू शकतो. पासिंग ऑफमध्ये नावलौकिक, फसवं सादरीकरण आणि नुकसान हे तिन्ही सिद्ध करावं लागतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटविरुद्ध नांदेडच्या एका कंपनीने ‘कोविशिल्ड’ नावावरून केलेला दावा याच तीन पायांवर तपासला गेला. जिल्हा न्यायालयाने मनाई नाकारली आणि एप्रिल २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टानेही ती दिली नाही. मसाल्याच्या दाव्यात आम्ही दोन्ही कारणं घातली. नोंदणीवर उद्या काही किटाळ आलं तर दुसरा पाय उभा राहतो.

आता, काय उल्लंघन नाही. पक्षकारांना हा भाग ऐकायला आवडत नाही, पण अर्धे दावे इथे हरतात. मालाचा प्रकार, दर्जा, मूळ ठिकाण सांगण्यासाठी वापरलेला शब्द कलम ३० मध्ये सुटतो. ‘कोल्हापुरी’, ‘कांदा लसूण’, ‘घरगुती’ या शब्दांना कोणी कुंपण घालू शकत नाही. तुमचाच अस्सल माल कोणी बाजारातून विकत घेऊन पुढे विकला, त्यात बदल किंवा खराबी केली नाही, तर तेही उल्लंघन नाही. ‘अमुक मिक्सरला बसणारं भांडं’ असं प्रामाणिकपणे लिहिणं चालतं. स्वतःचं खरं नाव-आडनाव सद्‍भावनेने वापरणाऱ्याला कलम ३५ संरक्षण देतं. ‘सद्‍भावनेने’ यावरच तिथे सगळी लढाई होते. तुमच्या नावाचा शब्द विकत घेऊन कोणी गुगलवर जाहिरात लावली, तर दिल्ली हायकोर्टाच्या २०२३ च्या निकालाप्रमाणे तो वापर धरला जातो, पण गोंधळ दाखवल्याशिवाय उल्लंघन होत नाही.

वर्ग एकच आहे म्हणून माल सारखा, असंही नाही. कर्नाटकच्या दूध महासंघाच्या ‘नंदिनी’ने बेंगळुरूच्या ‘नंधिनी’ या हॉटेलवाल्यांच्या नोंदणीला विरोध केला होता. वर्ग सारखे असूनही माल वेगळा आहे म्हणून २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने हॉटेलवाल्यांच्या बाजूने निकाल दिला. उलट, अगदी वेगळ्या मालावरही उल्लंघन होऊ शकतं, पण त्यासाठी चिन्हाची भारतात ख्याती हवी आणि समोरचा विनाकारण तिचा गैरफायदा घेतो किंवा तिला धक्का लावतो हे दाखवायला हवं. तालुक्यात गाजलेल्या मसाल्याला हे कलम लावायला जाऊ नये. ख्यातीचा पुरावा देता देता दम लागतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

सर्वांत भारी बचाव कलम ३४ चा: आधीचा वापर. तुमचा वापर आणि तुमची नोंदणी, यांतली जी तारीख आधीची, तिच्याही आधीपासून समोरचा सलग वापर करत असेल, तर तुमची नोंदणी त्याला अडवू शकत नाही. तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडै’ हलव्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये नोंदणीपेक्षा आधीच्या वापराचा हक्क वरचढ मानला. पुण्यात ‘बर्गर किंग’ नावाचं जुनं खाण्याचं दुकान आहे, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. अमेरिकन कंपनीची दुकानं भारतात आली २०१४ मध्ये. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला आणि वाद अपिलात हायकोर्टात गेला. म्हणून नोटीस पाठवण्याआधी आम्ही समोरच्याची जुनी बिलं, जीएसटी नोंदणीची तारीख, अन्न परवान्याची तारीख जमेल तितकी शोधतो. आपल्यापेक्षा जुना माणूस निघाला, तर नोटीस न पाठवणं हाच शहाणपणा असतो.

मसाल्याच्या प्रकरणात समोरचा तीनच वर्षांचा निघाला. पण त्याने नोंदणीचा अर्ज केलेला होता आणि तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या पत्रिकेत, छापूनही आला होता. छापल्यापासून चार महिन्यांत विरोध नोंदवावा लागतो. फॉर्म टीएम-ओ, ऑनलाइन २,७०० रुपये प्रति वर्ग. ही मुदत एक दिवसही वाढत नाही. ती चुकली आणि त्याची नोंदणी झाली, तर कलम २८(३) आडवं येतं: दोन नोंदणीधारक एकमेकांविरुद्ध उल्लंघनाचा हक्क चालवू शकत नाहीत, फक्त पासिंग ऑफ उरतं. मुदतीला अकरा दिवस उरले होते. त्यामुळे नोटिशीआधी विरोध दाखल झाला.

मग खरेदी. याला आम्ही सर्वांत जास्त वेळ देतो. माल त्याच न्यायालयाच्या हद्दीत घ्यायचा जिथे दावा लावायचा आहे. कलम १३४ मुळे उल्लंघनाचा दावा वादीच्या धंद्याच्या गावी लावता येतो, पण पासिंग ऑफला ती सवलत नाही; त्यासाठी माल त्या हद्दीत विकला गेल्याचं दाखवावं लागतं. मुंबई हायकोर्टात अशा वेळी लेटर्स पेटंटच्या (हायकोर्टाच्या जुन्या सनदेच्या) कलम १४ खाली परवानगीचा वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो विसरला तर पासिंग ऑफचा भाग गळतो. पुण्यात आम्ही मार्केट यार्डातून दहा पाकिटं घेतली, जीएसटी बिलासह. बिलावर मालाचं नाव जसं पाकिटावर आहे तसंच लिहून घेतलं. ‘मसाला १० नग’ एवढंच लिहिलेलं बिल कशालाच उपयोगी पडत नाही. चार पाकिटं न फोडता सीलबंद केली. पाकिटाच्या मागे चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक असतो. त्यावरून खरा उत्पादक कोण आणि नुसता विकणारा कोण ते कळलं. दुकानदाराशी हुज्जत घातली नाही. त्याला संशय आला की संध्याकाळपर्यंत माल गोदामातून हलतो.

ऑनलाइन विक्रीची पानं जपताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम ६३ पाळावं लागतं. नुसता स्क्रीनशॉट चालत नाही. त्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं: एक भाग ज्याच्या उपकरणावर ते काढलं त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचा हॅश क्रमांक, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारी आकडे-अक्षरांची ओळखखूण. १ जुलै २०२४ पूर्वीचा जुना नमुना अजूनही बरेच जण जोडतात आणि तारीख वाया जाते.

नोटीस लिहिताना हात आखडता ठेवावा. कलम १४२ प्रमाणे निराधार धमकी दिली तर समोरचाच तुमच्यावर दावा लावू शकतो. नोंदणीधारकाने वेळ न दवडता उल्लंघनाचा दावा लावला तर हे कलम लागत नाही. म्हणून नोटीस पाठवून आठ महिने झोपणं सर्वांत वाईट. आमच्या नोटिशीत नोंदणी क्रमांक, वर्ग, दोन्ही पाकिटांचे फोटो, खरेदीची तारीख आणि चार मागण्या होत्या, मुदत सात दिवस. फौजदारी कारवाईची भाषा नव्हती. हुबेहूब बनावट मालासाठी पोलिसांचा मार्ग आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं. पण छाप्यासाठी उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो आणि आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. एका वेलांटीच्या फरकाच्या प्रकरणात तो रस्ता धरू नये. हो, नोंदणी झालेली नसताना नावापुढे वर्तुळातला ‘आर’ छापलेला असेल, तर नोटिशीआधी तो काढा. तो कायद्याने चालत नाही आणि समोरच्याच्या हातात कोलीत मिळतं.

उत्तर आलं ते अपेक्षित होतं: ‘आमचं नाव आमच्या कुलदैवतावरून आहे.’ सोबत नोंदणी रद्द करून घेण्याची भाषा. त्याची भीती बाळगायचं कारण नव्हतं, कारण माल सतत विकला जात होता. पाच वर्षं आणि वर तीन महिने वापर नसेल तेव्हाच कलम ४७ खाली तो वार बसतो.

व्यापारी न्यायालयात दावा लावण्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, तातडीचा दिलासा मागितला असेल तर नाही. पण तातडी खरी असावी लागते. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलंय की मध्यस्थी टाळण्यासाठी घेतलेला तातडीचा मुखवटा कोर्टाने ओळखावा. पाकीट सापडल्यापासून दावा दाखल होईपर्यंत सहा आठवडे लागले आणि प्रत्येक आठवड्याचा हिशेब दाव्यात लिहिला होता. उशीर झाला म्हणून मनाई नाकारता येत नाही, असं २००४ च्या ‘लक्ष्मण रेखा’ निकालात आहे, पण त्यावर विसंबून राहू नये.

निशाणी ५ चा अर्ज, म्हणजे तात्पुरत्या मनाई हुकमाचा, हाच खरा सामना. प्रथमदर्शनी हक्क, सोयी-गैरसोयीचा तोल आणि भरून न निघणारं नुकसान, हे तीन मुद्दे. समोरच्याला न ऐकता हुकूम मिळाला आणि सोबत कोर्ट कमिशनर, म्हणजे कोर्टाच्या वतीने जागेवर जाऊन पाहणी करणारा माणूस, नेमला गेला. इथे एक गोष्ट हमखास चुकते. एकतर्फी हुकूम मिळाल्यावर अर्ज, दावा आणि सगळे कागद समोरच्याला लगेच पाठवून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तसं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. हुकूम मिळाल्याच्या आनंदात हे राहून जातं आणि पुढच्या तारखेला हुकूमच उठतो. आमच्याकडे पोस्टाच्या पावत्या संध्याकाळी साडेपाचला फाइलला लागल्या होत्या.

कमिशनरने गोदामात ४१ खोकी मोजली आणि पंचनामा केला. पाकिटांच्या रोलवर बारीक अक्षरात छपाई करणाऱ्याचं नाव होतं. कलम २९(७) प्रमाणे पाकीट छापणारासुद्धा उल्लंघनात धरला जातो, पण परवानगी नाही हे त्याला माहीत असेल किंवा माहीत असायला हवं असेल तरच. म्हणून हुकमाची प्रत त्यालाही पाठवली. त्या दिवसापासून ‘मला ठाऊक नव्हतं’ हा त्याचा बचाव संपला.

लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला समोरच्याचं लेखी उत्तर, द्यायला तीस दिवस असतात, फार तर एकशेवीस. ती आलीच नाही. त्याआधी तडजोडीचा निरोप आला. नुकसानभरपाईवर आम्ही अडून बसलो नाही. भरपाई किंवा नफ्याचा हिशेब, यांतलं एकच मागता येतं आणि तीन वर्षांच्या वह्या तपासण्यात जेवढा खर्च होतो तेवढा माल तिथे विकलाच गेला नव्हता. पुरसिसमध्ये नाव कायमचं सोडणं, नोंदणीचा अर्ज मागे घेणं, ऑनलाइन पानं काढणं, खोक्यांतला मसाला नव्या पाकिटात भरून जुनी पाकिटं कमिशनरसमोर कापणं, हे सगळं आलं. आणि एक अट आम्ही आग्रहाने घातली: सिलिंडर.

पाकिटाची छपाई सिलिंडरवर होते, एकेका रंगाला एक. पाकिटं कापली आणि सिलिंडर तसेच राहिले, तर आठवड्याभरात नवा रोल छापून होतो. अट होती की पाचही सिलिंडरवरचा तांब्याचा खोदलेला थर घासून काढायचा. प्रेसवर गेलो तेव्हा चारच निघाले. पाचवा, नाव आणि पट्टा असलेला, दुरुस्तीसाठी दुसऱ्या गावच्या खोदकामवाल्याकडे गेला होता. तो परत आला आणि घासला गेला, त्याचा फोटो फाइलला लागला, आणि मगच पुरसिसवर पक्षकाराची सही घेतली.